लाँग हूड पुढे

मधुकररावांनी इंजिन तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठ्याचं नख ड्रायव्हरच्या कॅबच्या पुढच्या खिडकीच्या खालच्या कडेवरून हळूच फिरवलं.

"अर्धा मिलिमीटर वर आहे," ते म्हणाले. "वापस जाईन हे."

मोतीलालने मान हलवली. त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्याने टिनाच्या डब्यात जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला, वीतभर लांबीचं ते डिझेल इंजिन त्यावर आडवं ठेवलं आणि विचारलं, "अर्धा खाली घेतली की डायवरले जसं दिसते तसंच होईन ना जी?"

"होईन."

"नक्की?"

"पंधरा वर्षं त्याच खिडकीतून पाहिलं मी, मोतीलाल."

व्हीलचेअरवर बसलेले ताराचंदशेठ हसले. "अरे, एवढुशी खिडकी. कोन पायते तिच्यातून? रंग पाहा, नंबर पाहा, पास करून टाका."

मधुकररावांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: इंजिन चौथे. वाळूच्या पेट्या ठीक. हँडरेल ठीक. पुढची खिडकी नापास.

भंडाऱ्याच्या बाजारात ताराचंदशेठचं कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान होतं. सूत आणायला ते तीस वर्षं कलकत्त्याला जात आले होते. मग साखरेच्या आजाराने डावा पाय गुडघ्याखाली घेतला आणि प्रवास संपला. दुकान पुतण्याकडे गेलं. शेठजींनी मागच्या खोलीत दोन लाकडी तख्तपोस जोडून त्यावर रेल्वे घातली. रूळ परदेशातले, कोणाकोणाच्या हातून मागवलेले. गाव, पूल, सिग्नल घरीच केलेले. पण इंजिनं बाहेरची नकोत, आपल्या लाइनवर धावतात तीच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या मापाने तशी इंजिनं करून देणारा माणूस त्यांना मोहाडीत सापडला. मोतीलाल त्यांना जुना माहीत होता. हातमागावर लुगडी विणायचा, आणि माग बंद पडत गेले तसा धोटे आणि मागाचे लाकडी भाग दुरुस्त करण्यावर आला होता. तपासायला कोणीतरी जाणता हवा, म्हणून वरठीहून मधुकरराव. ते दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते.

मधुकररावांना खरं म्हणजे हे काम नको होतं. निवृत्त झाल्यापासून ते स्टेशनाकडे फिरकले नव्हते. घरापासून रेल्वेचं फाटक पाच मिनिटांवर, पण बाजाराला जाताना ते लांबचा रस्ता धरत. झोप अजून ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममधलीच होती, दोन-तीन तासांनी तुटणारी. दिवसभर अंगात एक जडपणा असे, जसा लांबच्या ड्युटीनंतर असतो, फक्त आता ती ड्युटी कधी उतरत नव्हती. शेठजींनी गाडी पाठवून बोलावलं, चहा पाजला, आणि नाही म्हणायलाही ताकद लागते म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं.

इंजिन हातात घेतल्यावर मात्र ते काटेकोर होत. पहिलं इंजिन त्यांनी बोगीच्या, म्हणजे चाकांच्या चौकटीच्या, स्प्रिंगवरून परत पाठवलं. दुसऱ्यात कॅबपासून पसरलेला लांबट बाजूचा उंचवटा, ज्याला ड्रायव्हर लाँग हूड म्हणतात, तो एका केसाने बुटका होता. दर खेपेला मोतीलाल मोहाडीहून एस.टी.ने येई, डबा मांडीवर धरून. तो चुका मुकाट्याने ऐकून घेई आणि शेवटी एकच विचारी. डायवर बसते कुठं, त्याचा डोळा किती उंचीवर येते, हूड पुढं असला तर समोरचं किती झाकते. मधुकररावांना तो कारागिराचा नाद वाटला. असे नादिष्ट फिटर त्यांनी शेडमध्ये पाहिले होते.

पाचवं इंजिन आलं तेव्हा धानाची मळणी चालू झाली होती. दुपारी शेठजी आतल्या खोलीत आडवे झाले होते. खोलीत दोघंच. मोतीलालच्या काखेत आज डब्याबरोबर एक लांब फळीही होती.

मधुकररावांनी इंजिन उचललं. नख फिरवलं. ते अडलं नाही. त्यांनी ते उलटं केलं, चाकं मोजली, कपलिंग हलवून पाहिलं, मग खिडकीवर हाताचा आडोसा धरून ते आत डोकावले. आत सीट होती. कंट्रोलचा खांब होता. त्यावरचं हँडल तांदळाच्या कणीएवढं होतं.

"हे कुठं पाहिलं?"

"तुमी सांगतलं होतं ना मागच्या खेपेले. तसं केलं."

मधुकररावांनी त्या हँडलला नखाचं टोक लावून पाहिलं. मग वहीत त्यांनी लिहिलं, इंजिन पाचवे, पास. आणि वही मिटली.

"झालं मोतीलाल. तुमचं काम झालं."

"माहं काम आता आहे जी," मोतीलाल म्हणाला.

त्याने फळी तख्तपोसाच्या कडेला मोकळ्या जागेवर ठेवली. तिच्यावर पेन्सिलीने दोन समांतर रेघा काढलेल्या होत्या, अगदी हळूहळू वळत जाणाऱ्या.

"शेठजीच्या रेल्वेचं वळन लई तंग आहे. खरं वळन असं रायते. मी पावलानं मोजून आलो, चार खेपा. आमच्या गावाच्या पलीकडं लाइन जाते तिथलं आहे हे. गाडी उताराले लागते, आवाज नाही करत."

त्याने इंजिन रेघांवर ठेवलं. लाँग हूड पुढे करून. मग खिशातून धोट्यातलं सूत काढलं, एक टोक ड्रायव्हरच्या सीटजवळच्या बारीक खिळ्याला अडकवलं, ते पुढच्या खिडकीतून बाहेर काढून हूडच्या कडेला टेकवलं आणि ताणून फळीच्या टोकापर्यंत नेलं. इंजिनापासून हातभर पुढे, दोन रेघांच्या मधोमध, त्याने एक लाकडी खुंटी उभी केली. करंगळीच्या एका पेराएवढी.

"पाच फुटाची बाई," तो म्हणाला. "बराबर मापात आहे."

ड्रायव्हरच्या नजरेचं ते सूत खुंटीपासून दूरवरून गेलं होतं. खुंटी हूडच्या आड होती.

मधुकररावांनी सुताकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना ते ओळखीचं वाटलं. पाहून झाल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"कोण होती?"

"बायको. रुखमा. चैत महिना होता, चौऱ्याहत्तर साल. मोहफुलं वेचाले गेल्ती सकाळी. मोहाची झाडं वळनाच्या आतल्या अंगाले आहेत. टोपली घेऊन वापस येऊन राहिली होती." त्याने खुंटी बोटाने जराशी सरळ केली. "लोकं म्हणाले, मराले गेली. तिचा भाऊ त्या दिवसापासून माह्या दारात नाही आला. इचारते, तू काय केलं तिले."

"तुम्ही काय केलं होतं?"

"सकाळी बोललो होतो. चहात साखर नोती म्हणून. दहा वरसं झाली जी. मी रोज इचार करून राहिलो, तेवढ्यासाठी कोनी जाते का म्हणून."

सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. ड्रायव्हरच्या जबाबाची नक्कल होती. घड्यांवर कागद फाटायला आला होता. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. 'सदर स्त्री स्वतः होऊन रुळावर येऊन उभी राहिली, हे मला समोरून स्पष्ट दिसले. मी हॉर्न दिला व ब्रेक लावला.' त्याखाली लिहिलं होतं की इंजिन लाँग हूड पुढे करून जोडलेलं होतं आणि असिस्टंट ड्रायव्हर त्या वेळी मशीन पाहायला कॅबबाहेर गेलेला होता.

मधुकररावांना पुढचं वाचायची गरज नव्हती. ड्रायव्हरचं नाव अनोळखी होतं. वाक्य ओळखीचं होतं.

"मले लिवता-वाचता थोडंच येते," मोतीलाल म्हणाला. "पन हे पाठ आहे. म्हणून इचारतो. हूड पुढं असन, वळन असिस्टंटच्या अंगाले असन, अन् असिस्टंट जाग्यावर नसन. तर डायवरले दिसन का?"

आतून शेठजींच्या घोरण्याचा आवाज येत होता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नाही," मधुकरराव म्हणाले.

"थोडंसंही नाही?"

"ती आतल्या अंगानं आली असन तर नाही. धक्का लागल्यावरच कळन." ते थांबले. "पन मोतीलाल, त्याचा अर्थ ती मराले नोती गेली असा नाही होत. कोनाले काही दिसलं नाही, एवढाच होते."

"तेवढंच पायजे होतं मले."

मोतीलालने सूत सोडवून बोटाला गुंडाळलं. गुंडाळून झाल्यावर त्याने विचारलं, "मंग त्यानं खोटं काहून लिवलं?"

मधुकररावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला.

"तसंच लिवतात सारे. जुना ड्रायव्हर नव्याले शिकवते. दिसलं नाही म्हटलं, की मंग प्रश्न येतात. काहून नाही दिसलं, डोळे तपासा, झोप लागली होती का, चार दिवस बसवून ठेवा. दिसलं, हॉर्न दिला, ब्रेक लावला. एवढं लिवलं की संपते. तुम्ही चौदा-चौदा घंटे गाडीवर असता. तुमाले फक्त घरी जाऊन निजायचं असते."

"तुमीबी लिवलं?"

प्रश्नात राग नव्हता. असता तर मधुकररावांना सोपं गेलं असतं.

"लिवलं," ते म्हणाले. "एकाहत्तर सालात. एक सायकलवाला होता."

"कोन होता?"

"माहीत नाही. पुढच्या स्टेशनाले मेमो लिवून देला अन् गाडी काढली. मंग कोनी सांगतलं नाही. मीबी इचारलं नाही."

मोतीलालने सुताची गुंडी खिशात टाकली. मग म्हणाला, "जागा तं ध्यानात असन."

"खांब एक हजार छत्तीस बटा सात," मधुकरराव म्हणाले. तेरा वर्षांत हा आकडा त्यांनी तोंडाने उच्चारला नव्हता. तो इतक्या सहज बाहेर आला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

त्यांनी वहीतलं कोरं पान फाडलं आणि वळणाचं, हूडचं, खिडकीचं जे होतं ते पाच ओळींत लिहिलं. खाली सही केली. सहीखाली निवृत्त ड्रायव्हर, असं लिहिलं, आणि नोकरीची वर्षं. कोर्टात याची काही किंमत नाही, हे त्यांनी मोतीलालला सांगितलं.

"कोर्टात नाही जात जी. तिच्या भावाले वाचून दाखवतो. त्यानं वाचू देलं तर."

जाताना त्याने फळी काखेत घेतली. इंजिन शेठजींच्या तख्तपोसावर राहिलं. संध्याकाळी ताराचंदशेठने ते धावतं करून पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. मधुकररावांनी शेवटची बस आहे असं सांगून चहा घेतला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. बायकोने, देवकाबाईने, दोनदा विचारलं, तब्येत पाहू का डॉक्टरला दाखवून. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला.

"कुठं निघाले?" देवकाबाईने विचारलं.

"एका गावाले जाऊन येतो."

"कोन आहे तिथं?"

"तेच पाहाचं आहे."

एस.टी.ने जाताना दोनदा बस बदलावी लागली. पुढे दोन मैल चालणं. रुळाच्या कडेने जाताना त्यांनी खांबांवरचे आकडे वाचले नाहीत. वळण दिसलं आणि पावलं आपोआप मंदावली. इथून गाव जवळच होतं, बांधापलीकडे. गाडीवरून ते कधी दिसलं नव्हतं.

पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं की, तेरा वर्षांमागे इथं लाइनवर कोणी सायकलवाला गाडीखाली आला होता काय.

म्हाताऱ्याने कात लावता लावता मान वर केली. "चिंधू. थो शाळेतला चपराशी. पेपर आणाले जात होता." त्याने कात लागलेल्या बोटाने गल्ली दाखवली. "बायको आहे त्याची. सुमनबाई. कडुनिंबाच्या बाजूचं घर."

चिंधू. मधुकरराव ते नाव मनात म्हणत चालत राहिले.

अंगणात एक बाई सुपातले तांदूळ पाखडत होती. केस पांढरे, हातात काचेची एकही बांगडी नाही. अनोळखी माणूस फाटकाशी थांबलेला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"कोन पायजे जी?"

मधुकररावांनी सांगायला तोंड उघडलं. बसमध्ये जुळवलेलं वाक्य आलं नाही.

"उन्हातून आले दिसता," ती म्हणाली. "या, बसा. पानी आनतो."

ती आत गेली. त्यांनी चपला फाटकाबाहेर काढून ठेवल्या आणि तिने झाडलेल्या जमिनीवर, खाट जवळ असूनही, ते खालीच बसले.