दहावं माप

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा पूर्ण दिवस मंगळवार होता आणि तो अगदी साधा गेला. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, ते कुणी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी बाबा जमिनीवर बसून हत्यारांची पिशवी लावत होते. आई शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून आलेखाच्या कागदावरच्या नवव्या ठिपक्याकडे बघत होती. तो ठिपका देऊन सहा दिवस झाले होते. जिथे पडू नये असं तिला वाटलं होतं, नेमका तिथेच तो पडला होता.

तिला यंत्रांचे हादरे मोजायचा नाद होता. तिच्या वर्गातल्या मुली फुटलेला मोबाइल दिसला की हळहळायच्या. ही तो मागून आणायची. अशाच एका मोबाइलमधून तिने हालचाल ओळखणारी चिप काढली, साबणाच्या डबीत बसवली, तिला मेमरी कार्ड जोडलं आणि घरातलं जे जे म्हणून हलतं त्यावर ती डबी ठेवत सुटली. फ्रीज झाला, शिलाई मशीन झालं. शेजारच्या आजोबांनी तर आमचे गुडघेही बघून ठेव म्हणून सांगितलं. बाबांच्या कामावरच्या जोडीदाराने तिचं नाव ‘मीटर’ ठेवलं आणि ते चिकटलं.

बाबा आणि जोडीदार लिफ्ट दुरुस्त करायचे. वीस वर्षं एकत्र काम केलेली माणसं. एकाने हात पुढे केला की दुसरा न बघता त्यात बरोबर तोच पाना ठेवायचा. त्यांच्याकडे दर बुधवारी एका जुन्या सातमजली कचेरीची लिफ्ट असायची. ती सतत कुरकुरत असे, म्हणून दोघं तिला आत्याबाई म्हणत. बाबा लिफ्टच्या केबिनमध्ये आणि केबिनच्या टपावर काम करायचे, जोडीदार गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. नऊ आठवड्यांपासून बाबा मुलीची डबी केबिनच्या कोपऱ्यात ठेवत, लिफ्ट रिकामी पाच वेळा वरखाली फिरवत आणि संध्याकाळी डबी तिच्या हातात देत. “आत्याबाईंचं पत्र आलंय,” असं म्हणत.

त्या पत्रातलं एकच वाक्य दर आठवड्याला बदलत होतं. ब्रेक लागल्यापासून लिफ्ट पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ वाढत होता. पहिल्या बुधवारी सहा दशांश सेकंद, नवव्या बुधवारी साडेआठ दशांश. कुणाच्या पायाला कळणार नाही, कानाला ऐकू येणार नाही इतका फरक. पण ठिपके जोडले की रेघ चढत होती, आणि ती कुठे निघाली आहे हे कुणीही सांगू शकलं असतं. तिलाही तिसऱ्या आठवड्यातच शंका आली होती.

रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला तर काय होतं हे तिला बाबांनीच सांगितलं होतं. लोकांना वाटतं ती खाली पडेल. तसं होत नाही. दोराच्या पलीकडच्या टोकाला लोखंडी वजन असतं, ते रिकाम्या केबिनपेक्षा जड. ते खाली येतं आणि केबिन वर जाते. “आमच्या धंद्यातली माणसं खड्ड्याला भीत नाहीत,” बाबा म्हणाले होते, “छताला भितात.”

हे सगळं माहीत असूनही ती गप्प होती. त्यामागे वॉशिंग मशीन होतं. वर्षभरापूर्वी तीन मापं घेऊन तिने जाहीर केलं होतं की मशीनचं बेअरिंग जाणार, आज ना उद्या. बाबांनी आणि जोडीदाराने अख्खा रविवार घालवून मशीन खोललं. आत पँटचं एक बटण निघालं. जोडीदाराने ते बटण दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातलं, सुवर्णपदक म्हणून, आणि पुढे सहा महिने त्यांच्या घरात बटण हा शब्द कुणी सरळ चेहऱ्याने उच्चारला नाही. तीही हसली होती. पण बाबांनी त्या दिवशी हात पुसताना जे म्हटलं ते तिने मनावर कोरून ठेवलं: शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात, यंत्राला किमान दहा शितं बघावीत.

दहा. तिने ते अक्षरशः धरलं. दहा मापं झाली की शाईने आलेख काढायचा, खाली कारण लिहायचं आणि कागद दोघांच्या पुढ्यात ठेवून काही न बोलता उभं राहायचं. जोडीदार त्या वेळी काय तोंड करेल हे तिने कितीतरी वेळा मनात रंगवून पाहिलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पिशवीचा पट्टा ओढता ओढता बाबांनी विचारलं, “काय म्हणतात मग आत्याबाई?”

तिने कागदावर तळहात ठेवला. “उद्या सांगते. एक माप राहिलंय.”

“बघ हं, पुन्हा बटण निघायचं.”

“म्हणून तर.”

बाबा हसले. डबी पिशवीच्या बाजूच्या खणात ठेवली आणि आईला विचारलं की तिचं मशीन आज दमत कसं नाही. आई म्हणाली, त्याला तुमच्यासारखं दर तासाला चहा लागत नाही. एवढंच. मग जेवणं झाली.

बुधवारी साडेअकराला शाळेच्या शिपाईबाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी नाव घेण्याआधीच ती उठली होती. का उठली हे नंतर कुणी विचारलं नाही. लहान मुलांना आतून कळतं म्हणतात, असं बाया एकमेकींना सांगत राहिल्या.

बाबा सातव्या मजल्याच्या दाराची पट्टी बसवायला केबिनच्या टपावर चढले होते. बटण दाबून लिफ्ट थांबवलेली होती. ती थांबून राहिली नाही.

चौकशी झाली. गिअरच्या पेटीतून तेल ब्रेकवर पाझरत होतं, थेंबाथेंबाने, आतल्या बाजूने. ब्रेकचं झाकण काढल्याशिवाय ते दिसण्यासारखं नव्हतं. दरमहा झाकण काढून ब्रेक पाहायचा नियम होता आणि त्या महिन्याच्या तक्त्यावर, ब्रेकच्या चौकटीत, जोडीदाराची सही होती. त्याने झाकण काढलंच नव्हतं. हे त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं. जे त्याने सांगितलं नाही ते मुलीला ठाऊक होतं: झाकणाचे चारही नट गंजलेले, म्हणून एक महिना उघडून बघायचं आणि एक महिना नुसतं कान लावून ऐकायचं, ही पद्धत बाबांनीच पाडली होती. “चांगल्या मेकॅनिकचे डोळे कानात असतात,” असं ते अभिमानाने म्हणायचे. जोडीदाराने मेलेल्या माणसाचं नाव त्यात येऊ दिलं नाही. त्याचं लायसन्स गेलं.

बाबांच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत परत आल्या. घड्याळ, पेन्सिल, साबणाची डबी. डबी केबिनच्या आत होती, तिला काही झालं नव्हतं. पंधरा दिवसांनी आई झोपलेली असताना, दुपारी, मुलीने कार्ड काढून वाचलं. पाच फेऱ्या नीट नोंदल्या होत्या. त्यानंतर बराच वेळ सपाट रेघ. मग कळेल न कळेल अशी हालचाल सुरू झाली होती, ती अकरा सेकंद चालली आणि संपली. तिने पाच फेऱ्यांची सरासरी काढली आणि दहावा ठिपका दिला. तो रेघेवर बरोबर बसला. मग कागदाची घडी करून तिने तो शब्दकोशाच्या पुठ्ठ्याच्या आत सरकवला आणि वरून कव्हर घातलं.

तो कागद चौकशीवाल्यांनी पाहिला असता तर जोडीदाराचं काय झालं असतं, हा प्रश्न तिला तेव्हाही पडला होता. ब्रेक किती हळू, किती चोरपावलांनी निकामी होत गेला, कान लावून ते कुणालाही का कळलं नसतं, हे त्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्यावर तारखाही होत्या. तिच्या अक्षरात.

यंत्रांची मापं तिने पुन्हा घेतली नाहीत. ती पुस्तकांकडे वळली, भाषा शिकवू लागली. तिथे लोक एका उदाहरणावरून मोठमोठे निष्कर्ष काढतात आणि कुणाला इजा होत नाही.

जोडीदार मात्र येत राहिला. महिन्यातून एकदा, रविवारी, पान्यांची पिशवी घेऊन. कुठला नळ गळतोय, कुठली बिजागरी वाजते, शिलाई मशीनचा पट्टा ढिला झालाय का. काम करायचा आणि निघायचा. आई चहा ठेवते म्हणाली की त्याला नेमकं कुठेतरी जायचं असायचं. अठरा वर्षांत त्याने त्या घरात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आईही फार आग्रह करत नसे. ती त्याच्याशी कधी वाकडं बोलली नाही, सरळही बोलली नाही. मुलगी दर महिन्याला हे बघत होती. दर महिन्याला वाटायचं, पुढच्या वेळी.

परवाच्या रविवारी त्याने स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. पाना दोनदा निसटून भांड्यांत पडला. काम संपल्यावर तो नेहमीसारखा निघाला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला.

“वहिनी, आता जिने चढवत नाहीत. पोरगा म्हणतो, बस झालं. म्हणून आज बोलून टाकतो. झाकण न काढता सही केली मी. त्याला मी मारलं. तुम्ही मला कधी शिवी घातली नाहीत, त्यापेक्षा घातली असती तर बरं झालं असतं.”

आई कापड घेऊन ओटा पुसू लागली. कोरडा होता तो. पुसता पुसता म्हणाली, “माझ्याच्याने नाही झालं, भाऊजी. शिवीही नाही आणि माफही नाही.”

त्याने मान हलवली, जणू एवढंच ऐकायला तो अठरा वर्षं येत होता, आणि वाकून पिशवी उचलली. दार चार पावलांवर होतं. तो बाहेर पडला असता तर सगळं मिटलं असतं. आई आयुष्यभर त्याच्याकडे बोट दाखवत राहिली असती, तो ते मान्य करत जिने उतरला असता, आणि मुलीला कधीच कुणी काही विचारलं नसतं.

ती दाराच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“थांबा, काका. आई, तूही ऐक. कान लावून कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला मात्र कळलं होतं. माझ्याकडे नऊ आठवड्यांची मापं होती. ब्रेक सुटत चाललाय हे मला दिसत होतं, आणि आदल्या संध्याकाळी बाबांनी मला सरळ विचारलं होतं. मी त्यांना उद्या सांगते म्हटलं.”