शेजारी गेलेली वाटी

नीलमचं पत्र येऊन दोन महिने होत आले, तरी धर्मपालांनी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर ते ‘बरं’ आणि ‘जेवली का’ यांच्यापुढे जात नसत, म्हणून लेकीनं हॉलंडहून मुद्दाम कागदावर लिहून विचारलं होतं. तिथल्या शेजारणीचं बाळ जन्मल्यापासून वेगळ्या खोलीत झोपतं. नीलमची अडीच वर्षांची पोर मात्र आईच्या कुशीशिवाय डोळा मिटत नाही. ‘मी तिला दुबळी करून ठेवतेय का, बाबा? आई असती तर तिलाच विचारलं असतं.’

या शेवटच्या वाक्यापाशी धर्मपाल अडले. गेलेल्या बायकोच्या, दुर्गाबाईंच्या, वतीनं बोलणारे आपण कोण? अमरावतीच्या वाचनालयातली बालसंगोपनाची पुस्तकं त्यांनी वाचून काढली आणि गोंधळ तेवढा वाढवून घेतला.

मग ते अकोल्याला भाचीकडे, मायाकडे, गेले. तिनं अंबाडीच्या भाजीची वाटी साडेतीन वर्षांच्या लेकीच्या, आचलच्या, हातात दिली आणि तिला शेजारच्या काकूंकडे पिटाळलं. धर्मपाल चपला शोधू लागले.

“बसा मामाजी. तुमी मांगं गेले का ते सांडवते.”

“अन् पडली तं?”

“तं उठंल.”

दोघं खिडकीतून बघत राहिले. वाटीवरची नजर न काढता, जीभ बाहेर काढून, आचल भरल्या बैलगाडीच्या चालीनं गेली. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून काकूंनी तीत शेंगदाणे घातले; त्यातले निम्मे घरी पोचेपर्यंत आचलच्या गालात गेले. मग ती आईच्या मांडीवर चढली आणि आईचा कान पकडून गाढ झोपली.

धर्मपालांनी धीर करून पत्राचं सांगितलं. माया हसली.

“ते बाई रात्री सोडते, तं दिवसा जवळ घेत असंल. आपण रात्री धरतो, दिवसा सोडतो. पोरं दोन्हीकडचे मोठे होतेच.”

धर्मपालांनी तिथंच कागद मागितला.

‘तू चार वर्षांची असताना आई तुला चक्कीवर निरोप द्यायला एकटीला पाठवायची,’ त्यांनी लिहिलं. ‘मी लपत लपत मागे यायचो. तिनं एकदा मला पकडलं. म्हणाली, पोरगी तयार हाये, तुमीच नाई. रात्री मात्र तू तिचा पदर मुठीत धरूनच झोपायचीस. तू दुबळी झाली नाहीस. लेकीला खुशाल कुशीत घे. दिवसा एखादं काम सांगत जा, आणि मागे जाऊ नकोस.’

पोस्टात पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना वाटलं, ‘खुशाल’ जरा जास्तच झालं. त्यांनी हात पुढे केला. तोवर खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारून पाकीट थैलीत टाकलं होतं.