विमानाची जागा

“अगं पोरी, ती जागा सोड! तिथं जगूच्या विमानाचा फोटो यायचाय,” संभाजीराव खाटेवरून ओरडले. चौरंगावर झेंडू मांडणाऱ्या नातीचा, गरिमाचा, हात थबकला.

“आजोबा, दरवर्षी तेच! कब उड़ेगा तुमचं विमान?”

तिच्या वडिलांना, जगदेवरावांना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपूतल्या, जुन्या संस्थानी छावणीतल्या, या घरात खंडेनवमीला पिढीपिढीचं शस्त्र पुजायची रीत. संभाजीरावांच्या आजोबांची तलवार, खुद्द संभाजीरावांची फौजेतली संगीन आणि शेजारी ही रिकामी जागा, मुलाच्या नावाची. जगदेवराव बंगलोरला नौदलाच्या लढाऊ विमानाच्या आराखड्यावर लागले, तेव्हा म्हाताऱ्याने अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडायचे. त्या पंखांच्या बिजागरीतच जगदेवरावांची उभी हयात गेली. आणि विमान? ते कागदावरच राहिलं. गेल्या चैत्रात प्रकल्पच गुंडाळला. पण वडिलांना, आबासाहेबांना, हे सांगायची छाती कुणाची! निवृत्त होताना मिळालेला वीतभर लाकडी नमुनासुद्धा जगदेवरावांनी कपाटात कपड्यांमागे दडवला होता.

परवा डॉक्टर सांगून गेले, पुढचा दसरा काही खरा नाही. मग काय, बापाला खोट्या आशेवरच वाटेला लावायचं? जगदेवराव उठले, त्यांनी कपाट उघडलं.

“आबासाहेब, फोटो येणार नाही. विमान बनलंच नाही. बंद केलं त्यांनी. हे एवढंच आहे.”

संभाजीरावांना आता नीट दिसत नसे. त्यांनी नमुना चाचपला. बोटांखाली पंख मिटले, पुन्हा उघडले.

“हे तू केलंस?”

“हो. तेवढंच केलं मी जन्मभर.” आणि साठीच्या माणसाला मुलीदेखत रडू फुटलं.

म्हातारा पंखांवरून अंगठा फिरवत राहिला. मग खाकरला.

“पूस डोळे. माझ्या आजोबांची ती तलवार आहे ना, ती म्यानातून निघाली फक्त दरबारात मिरवायला. लढाई कसली ती पाहिली नाही तिनं. पुजतोच की आपण! ठेव ते तिथं.”

जगदेवरावांनी नमुना चौरंगावर ठेवला. पसरलेले पंख संगिनीला अडू लागले. त्यांनी संगीन सरकवायला घेतली, ती चौरंगावर खरखरली, तसा खाटेवरून आवाज आला,

“ती नको हलवूस. पंख मीट, जगू. जहाजावर जागा कमी असते.”

जगदेवरावांनी पंख मिटले. गरिमाने वाकून मिटल्या पंखांवर हळदकुंकू वाहिलं.