थॉमसची हजेरी

सासरच्या बर्वे घराण्याचा कुलवृत्तान्त शरयूने अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावी, घराच्या बेसमेंटमध्ये बसून एकटीने पुरा केला, तेव्हापासून आसपासच्या लोकांची समजूत झाली की मेलेल्या माणसांचे पत्ते हिच्याकडे मिळतात. म्हणून तर शेजारच्या विनिफ्रेडबाई तिच्याकडे आल्या. वय शहाऐंशी, माहेर इंग्लंडातलं ब्रॅकनशॉ नावाचं गाव, धर्म कॅथलिक आणि स्वभाव कडक इस्त्रीचा.

बाईंनी स्वतःच्या थडग्याचा दगड आधीच सांगून ठेवला होता. त्यावर नावाखाली एक ओळ कोरायची होती, 'कधीही न वाकलेल्या होलक्रॉफ्ट घराण्यातली'. दगडवाला सोमवारी मजकूर न्यायला येणार होता.

"चारशे वर्षांपूर्वी राणीनं आमचा धर्म बंद केला," बाई म्हणाल्या. "दर रविवारी तिच्या चर्चमध्ये हजेरी लावायची, नाहीतर दंड. आमचा थॉमस एकदाही गेला नाही, असं घरात सगळे सांगत आलेत. पण ऐकीव गोष्ट दगडावर कशी कोरायची? तू बघ."

शरयूने बघितलं. गावच्या चर्चची जुनी दप्तरं इंटरनेटवर होती. अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगी चालल्यासारखं. पण जिने मोडी स्वतःची स्वतः शिकून घेतली ती असल्या मुंग्यांना काय भिते? चौथ्या दिवशी थॉमस सापडला. राणीच्याच चर्चमध्ये, ईस्टरला प्रसाद घेणाऱ्यांच्या यादीत. पुढच्या वर्षी पुन्हा. अशी ओळीने अकरा वर्षं.

"वा! म्हातारीच्या पूर्वजाची हजेरी शंभर टक्के," तिचा नवरा त्र्यंबक चहा ओतत म्हणाला.

"हसताय काय? तिला सांगू काय मी?"

"काही सांगू नकोस. सापडलं नाही म्हण, विषय क्लोज."

"तुम्ही नाही विचारलंत हो. तिनं विचारलंय."

शनिवारी ती प्रिंटआउट घेऊन बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी कागद चष्म्यातून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"अकरा वर्षं?"

"अकरा."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "आणि अ‍ॅलिस कुठे होती?"

"कोण अ‍ॅलिस?"

"थॉमसची बायको. तिचं नाव पाहिलंस का?"

शरयूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहिलंच नव्हतं! कुलवृत्तान्तात पुरुष शोधायचा, बायको त्याच्या शेपटाला अर्ध्या ओळीत लटकलेली सापडतेच, ही बर्व्यांची रीत तिच्या हाताला लागली होती. तिथेच लॅपटॉप उघडून ती शोधायला बसली. चर्चमध्ये न येणाऱ्यांची यादी वेगळी होती, आणि तिच्यात बहुतेक बायकाच. अमक्याची बायको, तमक्याची विधवा. आणि मधेच, 'अ‍ॅलिस, थॉमस होलक्रॉफ्टची बायको'. त्याच अकरा वर्षांत, दर वर्षी.

"बाईच्या नावावर काही नसायचं," विनिफ्रेडबाई सावकाश म्हणाल्या. "तिच्याकडून दंड वसूल करणार कसा? म्हणजे हा जाऊन बसायचा, घर वाचवायचा. आणि ही त्याच घरात आमच्या धर्माचे, राणीनं बंदी घातलेले पाद्री लपवायची. असंच असणार."

"रविवारी तो परत आल्यावर ती त्याच्याशी बोलत असेल का हो?" शरयूला राहवेना. "निदान जेवायला तरी वाढत असेल?"

"नऊ मुलं झाली त्यांना," बाई म्हणाल्या. "वाढत असावी."

दोघी इतक्या हसल्या की बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी मजकुराचा कागद ओढला, 'कधीही न वाकलेल्या'ची अख्खी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'थॉमस आणि अ‍ॅलिसच्या घरातली'.

"आधी तिचं नाव घाला ना," शरयू म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, तेही खोडलं, आणि नव्याने लिहिलं.

"सोमवारी तू इथे येऊन बस," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा फोनवर वाद घालणार. त्याला थॉमसच हवा असतो."