कुत्र्याचे मोजे

मुलीने गेल्या सुट्टीत घरातल्या लाकडी जमिनीला पॉलिश करून घेतलं आणि जाताना माझ्या हातात सूचनांचा कागद ठेवला. कुत्र्याची नखं वेळच्या वेळी कापायची, पाण्याच्या भांड्याखाली रबरी चटई घालायची आणि घरात त्याला मोजे घालायचे. तीस वर्षं कचेरीत काढल्यामुळे लेखी आलेलं मी निमूटपणे पाळतो.

मोज्यांत कुत्रा स्वतःच्याच निरोप समारंभात अवघडलेल्या साहेबासारखा चालू लागला. जमिनीवर एकही ओरखडा उठला नाही. घरात आवाजही उरला नाही. पूर्वी त्याच्या नखांची टकटक स्वयंपाकघरातून दारापर्यंत जायची आणि परत यायची. त्यावर ‘जरा एका जागी बस की रे गाढवा,’ एवढं तरी माझं बोलणं व्हायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की, सकाळपासून मी तोंडच उघडलेलं नाही. मी त्याचे मोजे काढून टाकले.

रविवारी मुलीचा फोन आला.

‘बाबा, मागे टकटक कसली? मोजे कुठायत त्याचे?’

‘धुवायला टाकलेत.’

‘गेल्या रविवारीही धुवायलाच होते.’

‘वाळत नाहीत गं लवकर.’

‘बाबा, ओरखडे पडले ना, तर पॉलिशवाल्याला बोलवायला मलाच पुन्हा यावं लागेल. तुम्हाला जमायचं नाही ते.’

‘हो, मला कुठलं जमतंय,’ मी म्हणालो.

फोन ठेवला आणि कुत्र्याचा चेंडू शोधून काढला. मग तासभर तो बैठकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेकत बसलो.