गंगम्मा जेवत नाही

"दादा, मावशी तोंडच उघडंना." आश्रमात देखभाल करणाऱ्या आबेदानं पेजेची वाटी खाली ठेवली. "कालपासून घोटभर पाणी न्हाई. डॉक्टर म्हणले, संध्याकाळी नाकातून नळी घालू."

लातूरच्या या वृद्धाश्रमावर श्रीशैल भलताच खूश होता. धुतलेल्या चादरी, रात्रंदिवस माणूस हाताशी! शिरूर अनंतपाळचं खताचं दुकान सांभाळून, अर्धांगवायूनं उजवं अंग आणि वाचा गेलेल्या आईचं करणार कोण? परवा तिला इथं आणून सोडलं आणि गडी सुटला. आता हे नवीन लचांड.

"हट्ट करायलीस व्हय गं?" खाटेवर बसत तो म्हणाला. "घरची आठवण येती का?"

गंगम्मानं डावा हात उचलला, छातीपुढं तळवा पसरून धरला आणि त्याच्याकडं टक लावून पाहिलं.

"कालपासून असंच," आबेदा म्हणाली. "बिस्कूट ठेवलं, फेकलं. गोळी ठेवली, फेकली. काय मागायल्यात, अल्लाला ठाऊक."

श्रीशैलला एकदम उमगलं: रोज पूजेला बसताना ती तळवा असाच धरायची. इथं अंगावर दागिने ठेवू देत नाहीत. म्हणून परवा त्यानंच बोरमाळ, पाटल्या आणि दागिन्यात दागिना म्हणून गळ्यातली चांदीची डबीही काढून घरी नेली होती. डबीत तिचं इष्टलिंग होतं! लिंगायताच्या घरात माणूस मातीत जाईपर्यंत ते अंगावरून उतरत नाही, आणि त्याच्या पूजेआधी गंगम्मानं जन्मात अन्नाला हात लावला नव्हता. अरे, हे दुकानातल्या गिऱ्हाइकानंसुद्धा सांगितलं असतं. पोटचा पोरगा विसरला!

तसाच मोटारसायकलवर बसून तो शिरूरला गेला आणि दुपारपर्यंत डबी, भस्म, बेल घेऊन परतला. आबेदानं ओल्या फडक्यानं मावशीचे हात पुसून दिले. श्रीशैलनं लिंग डाव्या तळव्यावर ठेवलं. तिचा लुळा उजवा हात आपल्या हातात धरून त्यानं पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला. गंगम्माचे ओठ हलत होते.

पूजा आटोपून त्यानं डबी तिच्या गळ्यात बांधली. तेवढ्यात तिचा डावा हात त्याच्या सदऱ्याच्या गळ्याशी आला आणि आत दोरा चाचपू लागला. दोरा नव्हता. कॉलेजात असतानाच त्यानं आपलं लिंग काढून ट्रंकेत टाकलं होतं, आणि अंगावर आहे असंच आईला सांगत आला होता.

हात थांबला. आईची वाचा गेली तेच बरं झालं, असं त्याला वाटून गेलं, आणि लगेच स्वतःचीच एवढी शरम वाटली की मान वर होईना.

गंगम्मानं हात मागं घेतला आणि तोंड उघडलं. आबेदाकडून वाटी घेऊन त्यानं पहिला चमचा भरवला.