लू. १५

शाळेच्या वाचनालयात एकोणीस पुस्तकं कमी भरली, हे फुलचंदला कळलं तेव्हा तो शेलूबाजारच्या चौकात मालेगावच्या सवाऱ्या भरत होता. जीपमध्ये सात झाल्या होत्या, अजून चार लागत होत्या. सुवार्ताला जाऊन चार महिने झाले होते. अठरा वर्षं ती त्या शाळेत ग्रंथपाल होती, आणि तेवढीच वर्षं फुलचंद तिचा नवरा होता.

फोन रंजीताचा होता. ती शाळेत मराठी शिकवायची. सुवार्ता गेल्यावर वाचनालयाची किल्ली तिच्या गळ्यात पडली होती.

"भाऊ, जरा शाळेत येऊन जा," ती म्हणाली. "हेडसर मॅडमच्या नावावर शेरा मारून राह्यले."

फुलचंदनं सवाऱ्या मागच्या जीपवाल्याला देऊन टाकल्या आणि गेला.

हेडसरांच्या टेबलावर पुस्तकांचं मोठं रजिस्टर उघडं होतं. एकोणीस पुस्तकांपुढे शेऱ्याच्या रकान्यात सुवार्ताच्या बारीक अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली: लू. १५. हेडसरांनी या खुणेचा अर्थ लावून बाद पुस्तकांची यादीही तयार केली होती. लू म्हणजे लूज. पंधरा पानं लूज झाली, पुस्तक फाटलं, फेकून दिलं. यादीच्या खाली लिहिलं होतं, 'ग्रंथपालाच्या हलगर्जीमुळे.'

फुलचंदनं ते दोनदा वाचलं. सुवार्ता हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायची नाही. फुलचंदच्या ग्रीसच्या हातांना तर घरात पुस्तकाच्या कपाटापासून चार पावलं लांब उभं राहावं लागायचं.

"सर, एकोनीस पुस्तकं," तो म्हणाला. "अन् सगळ्याइचे बरोबर पंधराच पानं निघाले? एखाद्याचे चौदा नाई का सोळा नाई?"

रंजीतानं तोंडाला रुमाल लावला.

"मग तुम्हीच सांगा, लू म्हणजे काय?" हेडसर म्हणाले.

"लूक. बायबलातला. अध्याय पंधरावा."

सुवार्ता वाशिमच्या चर्चमध्ये वाढलेली. तिचे वडील तिथली घंटा वाजवायचे, बाकं पुसायचे, आणि भिंतीवरच्या फळीत त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावायचं काम पोरीला द्यायचे. गाणी ती आकड्यांनीच ओळखायची. फुलचंद तांड्यावरचा बंजारा. लग्नाला दोन्हीकडचं कोणीच राजी नव्हतं, पण जेवायला सगळे आले. नंतर दर रविवारी तो तिला जीपनं चर्चला न्यायचा आणि बाहेर चिंचेखाली बसून राहायचा. पाळकसाहेबांचा आवाज खिडकीतून यायचा. एकदा त्यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली, शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागं जातो.

घरी येताना फुलचंद म्हणाला, "माह्या आज्यानं असं केलं असतं तर सांजेलोक पन्नासच घरी आले असते. त्याइच्या तिकडं लांडगे नाई का?"

"तुमाले मेंढरं समजते," सुवार्ता म्हणाली. "गोष्ट नाई समजत."

तेव्हापासून जे पुस्तक परत यायचं नाव घेत नसे ते तिच्या भाषेत लूक पंधरा झालं. नियमानं पुस्तक फक्त शाळेतल्या पोरांना. पण पोरांच्या आया आणि आज्याही वाचणाऱ्या निघाल्या, आणि सुवार्ताच्यानं नाही म्हणवेना. नाव लिहावं तर नियम मोडल्याचं आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं. म्हणून नाव नाही, गाव नाही, नुसतं लू. १५. मग सुटीच्या दिवशी ती म्हणायची, "काढा जीप. आज लूक पंधरा हाय."

हेडसरांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या बाहेर त्यांना दिसत नसे.

"पुस्तकं इथं आणून ठेवा," ते म्हणाले. "जेवढी येतील तेवढ्या ओळी खोडतो. सगळ्या खोडल्या तर खालचा शेराही खोडतो. यादी मार्चअखेर वर जाते."

"घरं कोनाले माहीत हायेत?" रंजीतानं विचारलं.

"मले," फुलचंद म्हणाला. "मीच तर नेलं तिले."

रविवारी तो रंजीताला घेऊन किन्हीराजाला गेला. घरं त्याला माणसांच्या नावानं नाही, चहानं आठवत होती. किन्हीराजात गवती चहा, म्हणजे रुपाबाई. ती साठीची बाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, शाळेचं पुस्तक द्या," फुलचंद म्हणाला.

"कोनतं पुस्तक?" रुपाबाईनं मान वर केली नाही. "आमच्या घरी पुस्तक कायले येईन?"

रंजीतानं त्याच्याकडे पाहिलं. फुलचंदनं मान खाजवली. मग त्याला आठवलं, सुवार्तानं कधी कोणाला पुस्तक मागितलंच नव्हतं. ती बसायची, चहा घ्यायची आणि एवढंच विचारायची. तो ओट्यावर बसला.

"मावशी, कुठवर आलं?"

रुपाबाईचा हात थांबला. "मुनीमापर्यंत," ती म्हणाली. "त्यानंच खून केला. त्याची नियत मले पयल्या पानापासून दिसून राह्यली."

"मग संपवलं काहून नाई?"

"मॅडम म्हने, शेवट दोघी मिळून वाचू. मंग त्या गेल्याचंच समजलं. एकटीनं वाचून सांगाव कोनाले?"

तिनं ज्वारीच्या कोठीतून पुस्तक काढलं. धुतलेल्या फडक्यात बांधलेलं होतं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं सुवार्ताचं अक्षर होतं: 'यात कुत्रं मरते. पान ११२ सोडून वाचा.'

रंजीता हसू लागली. "हे काय?"

"तिची पद्धत," फुलचंद म्हणाला. "खुनाच्या गोष्टी लय आवडे तिले. मानसं कितीबी मरो, कुत्रं मराले नाई पायजे. अन् बोध देनारे पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवे. म्हने, ज्याले गरज हाय तो स्टूल आनीन."

चहा आला. रंजीतानं शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन टेकल्या. खुनी मुनीम नव्हता, डॉक्टर होता. रुपाबाईनं कपाळावर हात मारला.

"चार महिने," ती म्हणाली, "मी त्या गरीबाले शिव्या देऊन राह्यली."

"माफी मागा त्याची," शेजारीण म्हणाली.

"मागतो. पयले त्या डाक्टरले देऊ दे."

जीपकडे येताना फुलचंदला हसू आवरेना. सुवार्ता गेल्यापासून तो पहिल्यांदा असा हसत होता. रंजीतानं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान एकशे बारा दुमडलेलं नाही ना, ते पाहिलं.

पुढचे सहा रविवार असेच गेले. आल्याचा चहा, कोरा चहा, एका घरी नुसतं ताक. एका गावात गोमतीबाईनं पुस्तक दिलं, पण बदल्यात दुसरं घेतल्याशिवाय जीप हलू दिली नाही, म्हणून रंजीता दुसऱ्या रविवारी पिशवी भरूनच निघाली. फुलचंद आता दारातूनच 'कुठवर आलं' म्हणायचा. हेडसर प्रत्येक पुस्तकाची पानं मोजायचे आणि पट्टी लावून ओळ खोडायचे. नवव्या पुस्तकानंतर त्यांनी मोजणं सोडलं. बाराव्याला ते हळूच म्हणाले, हे मी दोन दिवस घरी नेतो.

अठरा पुस्तकं आली.

एकोणिसावं जाडजूड होतं, सुवार्ताचं सगळ्यात आवडतं. ती ते दरवर्षी दिवाळीच्या सुटीत वाचायची आणि खुनी माहीत असूनही शेवटी दार लावून बसायची. ते तिनं कोणाला दिलं असेल, असं फुलचंदला वाटलंच नव्हतं. त्याच्या लक्षात असलेली सगळी घरं झाली होती. मग त्याला आठवलं, मागच्या पावसाळ्यात जीप आठ दिवस गॅरेजला होती, तेव्हा ती एका रविवारी एकटीच बसनं इंझोरीला गेली होती. काहून गेली, ते त्यानं विचारलं नव्हतं.

तो इंझोरीला गेला. पाच घरी बसला, पाच घरी चहा झाला. सुवार्ताला तिघींनी ओळखलं. पुस्तक कोणाकडेच नव्हतं. परतीला रंजीता म्हणाली, "मॅडमनं चांगल्याच हातात देलं असन, भाऊ."

"ते तर हायेच," फुलचंद म्हणाला. "पन कोनाच्या?"

यादी सोमवारी वर जाणार आहे. अठरा ओळी खोडलेल्या आहेत. एकोणिसावी ओळ आणि तिच्या खालचा शेरा अजून तसाच आहे.